स्वच्छ हवेची खूण

काटा पुन्हा खोटं बोलला. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, असं तो सांगत होता. कोकिळाने प्लग काढून पाहिला तर तो तव्याच्या बुडासारखा काळा. म्हणजे पेट्रोल कमी कसलं, चांगलं उतू जात होतं.

"झालं का?" तिच्या नवऱ्याने, सहदेवने ओसरीवरून विचारलं.

"नाही."

"सोमवारपर्यंत वाट पाह्यतो. घाट नाही चढली, तं देतो व्हॅन भंगारात अन् जातो पुण्याले कंपनीत."

तो धमकी देत नव्हता. तेच वाईट होतं. बोंडअळीने दोन एकर कपाशी पोखरून ठेवली होती. घर चालत होतं ते गावातली माणसं बुलढाण्याला नेणाऱ्या या जुन्या व्हॅनवर, आणि व्हॅन राजूर घाटात धापा टाकू लागली होती. मागच्या आठवड्यात तर पॅसेंजर उतरवून ढकलावी लागली. एकदा पुण्याला गेलेला माणूस सणासुदीचा पाहुणा होतो, हे कोकिळाने गावात चार घरी पाहिलं होतं. तिला नवरा घरात हवा होता.

तिचं माहेर जळगाव जामोदचं. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे बाहुलीच्या वयात तिच्या हातात सोल्डरिंग गन आलेली. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर तिने मिळवला. बिस्किटाच्या पत्री डब्यात स्वतः सर्किट बसवलं, जुन्या स्टॅबिलायझरचा काटा लावला. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो, आतून तापून लाल होतो आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूत हवा किती उरली ते सांगतो. चढणीवर इंजिन काय मागतं, हे त्याच्याशिवाय कळणार नव्हतं. त्याची अट एकच. रोज लावण्याआधी त्याला मोकळ्या हवेत धरायचं आणि बटण फिरवून काटा हिरव्या खुणेवर आणायचा. ही स्वच्छ हवा, असं एकदा सांगितलं की पुढचं सगळं तो त्यावरून मोजतो.

आठ दिवस ती चूक शोधत होती. सोल्डरिंगचा एकूण एक टाका दोनदा मारून झाला. अर्थिंगची तार बदलली. नळीला साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. दुसऱ्या कोणी तो डबा केव्हाच उकिरड्यावर फेकला असता. कोकिळा मुलखाची हट्टी, आणि त्या हट्टाला शोभेल असं कसबही तिच्या बोटांत होतं.

हे सगळं चालायचं अंगणातल्या पत्र्याखाली. हाती लागला तेवढा कापूस भाव वाढायची वाट पाहत घरात आढ्याला टेकला होता. लालभडक सेन्सर आत नेणार कोण? त्याच भीतीने चूलही बाहेर आली होती. एका टोकाला कोकिळाचं यंत्र, दुसऱ्या टोकाला तिच्या सासूची, तानुबाईंची चूल. चुलीत यंदाच्या कपाशीच्या पऱ्हाट्या. अळीमुळे लवकर उपटलेल्या, त्यामुळे अर्धवट ओल्या. तानुबाई खोकत खोकत फुंकर घालायच्या आणि सुनेच्या कामाकडे कौतुकाने बघत बसायच्या. सरका जरा बाजूला म्हटलं, तर म्हणायच्या, "मले नाही लागत वं धूर."

त्या दिवशी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी तं बरं बोलत होतं तुह्यं यंत्र."

खरंच की. तेवढा एकच दिवस काटा आणि प्लग यांचं जमलं होतं.

"मी घरी नव्हती ना," तानुबाई म्हणाल्या. "माह्यीच नजर लागते त्याले."

कोकिळा हसली. हसता हसता थांबली. बाजाराच्या दिवशी सासूबाई पहाटेच मोताळ्याला गेल्या होत्या. चूल थंड होती. तिने वर पाहिलं. धूर पत्र्याखालून सरळ तिच्या हातातल्या सेन्सरवर येत होता. रोज सकाळी ती त्याला पऱ्हाटीच्या धुरात धरत होती आणि सांगत होती, बाबा रे, ही स्वच्छ हवा. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवला होता. धुरातली कमी हवाच पुरेपूर मानल्यावर नळीतली हवा त्याला जास्तच वाटणार, आणि पेट्रोल कमी.

"आत्याबाई, नजर नाही! तुमचा धूर!" ती ओरडली, आणि डबा अन् छोटी बॅटरी कवेत घेऊन शेताच्या बांधाकडे पळत सुटली.

सोमवारी सकाळी व्हॅन घाटाला लागली. सहदेव चाक धरून, कोकिळा मांडीवर डबा घेऊन. मागे तानुबाई. चूक आपण शोधली, तेव्हा घाटही आपण बघणार, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. कोकिळाने वाटेत दोनदा गाडी थांबवून कार्बोरेटरचा स्क्रू जरासा आत घेऊन पेट्रोल कमी केलं. तिसऱ्या वळणापासून व्हॅन जी निघाली, ती एकदाही धाप न टाकता थेट माथ्यावर.

सहदेवने इंजिन बंद केलं. बायकोकडे पाहत राहिला. असं त्याने लग्नातही पाहिलं नव्हतं.

"सोमवार झाला," कोकिळा म्हणाली. "मंग, जाता पुण्याले?"

"कायचं पुणं? पॅसेंजर वाट पाहून राह्यले."

तानुबाई तोवर खाली उतरून कठड्याशी गेल्या होत्या. दरीतून वारा वर येत होता. त्यांनी एक श्वास घेतला. मग दुसरा, त्याहून लांब. खोकला आला नाही. त्या तशाच छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कोकिळा घाबरून धावली.

"काय झालं, आत्याबाई?"

"काही नाही वं," तानुबाई म्हणाल्या. "मले वाटे, हवा तिखटच राह्यते."