कुणी न वाजवलेली चाल

“आपा, तुम्ही पुन्हा माझ्यामागं आल्या,” बद्रीनाथ हात थांबवून म्हणाला.

मेहरुन्निसानं पियानोवरून बोटं उचलली. सकाळपासून ही सातवी खेप. छावणी भागातल्या शाळेच्या सभागृहात दोन जुने पियानो भिंतीला लागून शेजारी-शेजारी ठेवले होते. डावीकडच्यावर ती, उजवीकडच्यावर बद्रीनाथ. दौलताबादचा हा तिचा जुना विद्यार्थी आता याच शाळेत तिच्या जोडीला संगीत शिकवत होता. रविवारच्या कार्यक्रमासाठी हा संगीताचा तुकडा त्यानंच आणला होता.

तुकडा वरवर पोरखेळ वाटावा असा. आठ सुरांची एकच ओळ. दोघांनी एकदम सुरू करायची आणि वाजवत राहायची. मग एकानं आपली लय तशीच धरून ठेवायची, दुसऱ्यानं केसभर पुढं सरकायचं. थोडा वेळ नुसता गोंधळ वाटतो. मग सरकणारा बरोबर एक सूर पुढं जाऊन स्थिरावतो आणि त्याच आठ सुरांतून निराळंच काही वाजू लागतं. तिथं जरा रमायचं, पुन्हा सरकायचं. आठ वेळा सरकलं की दोघं परत एकत्र.

सरकणं बद्रीनाथकडं होतं. मेहरुन्निसानं फक्त जागा धरायची होती आणि तेच जमत नव्हतं. तीस वर्षं तिनं पोरांना साथ दिली होती. पोरगं पुढं पळालं की त्याला गाठायचं, ही हातांची सवयच झालेली.

“दुसरं कुणी बघ, बेटा.”

“मला तुमच्यासंगंच वाजवायचंय. चौथीत असल्यापासून तुम्ही मला सांभाळून घेतलं. एकदा तरी शेजारी बसून बरोबरीनं वाजवू द्या की.”

एक इलाज तिला केव्हाचा सुचला होता. पण तो सांगायचा तर सहा महिने लपवलेली गोष्ट उघडी करावी लागणार होती. ऐकू न येणारी संगीताची बाई कोण ठेवून घेईल?

ती उठली. “जागा बदलू. तू इकडं बस.”

“का बरं?”

“माझा डावा कान गेलाय. मी उजवीकडं बसले की तुझा आवाज त्या बहिऱ्या कानाकडं येईल. मला ओढणार नाही.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “कुणाला बोलले नाही आजवर.”

बद्रीनाथ तिच्याकडं वळला.

“एवढे दिवस एकटीनंच सोसलं व्हय?” तो म्हणाला. मग उठून त्यानं आपलं स्टूल तिच्यासाठी पुढं केलं. “शाळेत सांगायला जाऊ तवा मी सोबत येतो. बसा.”

त्यांनी सुरुवात केली. बद्रीनाथचा पियानो आता लांबच्या खोलीतून आल्यासारखा वाजत होता. तिचे स्वतःचे आठ सूर तेवढे जवळ होते. तो सरकला. तिची बोटं हलली नाहीत. तो पुन्हा सरकला. तरी ती जागेवर. ज्या कानाला तिनं सहा महिने बोल लावले, त्याच्याच आडोशाला ती निवांत बसली होती. तिचे डोळे भरून आले, पण लय सुटली नाही. आठव्या वेळी दोघं एकत्र आले आणि थांबले.

सभागृह झाडायला आलेली मनकर्णाबाई दारातच उभी होती. ती पुढं आली आणि पियानोंच्या मागं वाकून बघू लागली.

“तिसरं कोण वाजवत व्हतं?”

“कुणी नाही, मावशी. आम्ही दोघंच,” बद्रीनाथ म्हणाला.

“नाय, नाय. मधीच एक चाल आली. वरच्यावर, बारीक. लई गोड व्हती.”

मेहरुन्निसाला ती चाल ऐकूच आली नव्हती. आपलीच ओळ धरून बसणाऱ्याला दोघांच्या सुरांतून आपोआप उमटणारी ती चाल ऐकू येणारही नव्हती. तिनं मनकर्णाबाईचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं.

“कशी होती? म्हणून दाखव ना.”

मनकर्णाबाई लाजली. तिनं झाडू खाली ठेवला, पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात गुणगुणू लागली. बद्रीनाथही मान खाली घालून ऐकत होता.

चाल संपली तरी मेहरुन्निसानं तिचा हात सोडला नाही.

“आणखी एकदा,” ती म्हणाली.