पायाची बोटं

पुण्यात वैभवी नर्स होती. नवऱ्याच्या, अवधूतच्या, आयटीतल्या नोकरीपायी जपानमध्ये, कावासाकीला आली आणि इथे तिचं सर्टिफिकेट चालेना. शेवटी हॉस्पिटलमध्ये अर्धवेळ काम मिळालं, तेही पेशंट होण्याचं. नवख्या नर्सेसना गुदद्वाराच्या स्नायूंची तपासणी शिकवायची, तर सरावाला कुणीतरी हवंच ना!

ती कुशीवर झोपली. नळी आत सरकली, तिच्या टोकाचा फुगा फुगू लागला.

"दुखतंय का?" शिकाऊ पोरीने विचारलं.

"दाइजोबु." ठीक आहे, वैभवी म्हणाली.

"थांबव!" शिकवणाऱ्या मोरितासान कडाडल्या. "इथे माणसं कळ सोसतील, पण दाइजोबुच म्हणतील. हीसुद्धा आता इथलीच झालीय. तोंडाकडे बघू नकोस, पायाची बोटं बघ."

चादरीबाहेर वैभवीची बोटं घट्ट आवळलेली होती.

संध्याकाळी जेवताना अवधूत पुण्याला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. "हिला काय धाड भरलीय? नुसता आराम! काय गं?"

"हो, अगदी मजेत!" वैभवी हसली.

"बघ, कशी हसतेय," तो आईला म्हणाला.

टेबलाखाली बघायला तिथे मोरितासान नव्हत्या.