पाहिलं तसं घेतलं

गॅविन स्वयंपाकघरात पायपुसण्याच्या दोन कडांवर दोन पाय रोवून उभा होता. आलेल्यांना त्याने चहा दिला तोही तसाच, जागेवरून हात लांबवून.

"दूध तिकडे फ्रिजमध्ये आहे. तुम्हीच ओतून घ्या," तो म्हणाला.

एनिडबाईंनी दूध ओतून घेतलं आणि काय ते ओळखलं. दारी आलेल्याला स्वतःचं दूध स्वतः ओतायला लावणारा माणूस या गावात एक तर आजारी असतो, नाही तर काहीतरी झाकत असतो. गॅविन चांगला धडधाकट होता.

टेबलाशी कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, लोमॅक्स साहेब फॉर्म भरत होते. सकाळी सगळे मिळून एनिडबाईंचं दुमजली घर पाहून आले होते; आता गॅविनचा तळमजल्यावरचा फ्लॅट. दोन्ही घरं कौन्सिलची, दोघंही भाडेकरू. त्यांनी आपसात घरं बदलायला कौन्सिलची ना नव्हती. फक्त फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की घर पाहिलं तसं घेतलं, आणि आधीच्या भाडेकरूने त्यात जे काही करून ठेवलं असेल त्याची दुरुस्ती यापुढे नव्याच्या गळ्यात. आज काही सापडलं तर मात्र ते आधी निस्तरायचं, मग अदलाबदल.

एनिडबाईंच्या घरात झोपायच्या तिन्ही खोल्या आणि संडास तेरा पायऱ्या वर होते. गुडघ्यांमुळे पंधरा महिने त्या खाली सोफ्यावर झोपत होत्या आणि गरजेपुरत्या जिना बसून चढत होत्या, एकेक पायरी, पाठमोऱ्या. गॅविनची तीन पोरं एका खोलीत होती. एनिडबाईंच्या याआधी दोन अदलाबदली फिसकटल्या होत्या. एका बाईला बाग नको होती, दुसरीला शेजार.

लोमॅक्स साहेबांनी नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. सामान हलवून बघणं त्यांच्या कामात येत नव्हतं, आणि कामात न येणारं काम ते करत नसत. मग ते मीटर बघायला बाहेर गेले.

"राजा," एनिडबाई म्हणाल्या, "पाय उचल बघू जरा."

"तुम्ही कपाट सरकवा, मी पाय उचलतो."

"कुठलं कपाट?"

"तुमच्या वरच्या मागच्या खोलीतलं. सकाळी वीस मिनिटं त्याला टेकून उभ्या होतात. गुडघे दुखणारी बाई शेजारी रिकामी खुर्ची असताना उभी राहते होय?"

एनिडबाईंनी चहाचा घोट घेतला. पोरगा दिसतो तेवढा बावळट नव्हता.

"केवढं आहे खाली?"

"ताटाएवढं. वॉशिंग मशीनची नळी मीच जोडली होती. गळत राहिली, जमिनीच्या फळ्या कुजल्या." तो थांबला. "तुमचं?"

"खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. भिंतीत हवेची जाळी होती. वारा येतो म्हणून आमच्या ह्यांनी, सिरिलने, सिमेंटने बुजवली."

"मग, थांबला वारा?"

"थांबला. सिरिलही थांबला, कायमचा. बुरशी तेवढी वाढतेय."

पलीकडच्या खोलीत कोणीतरी खोकलं. लहान, कोरडा खोकला. गॅविनने तिकडे पाहिलंही नाही, इतकी त्याला त्याची सवय होती.

"धाकटी का?" एनिडबाईंनी विचारलं.

"टिली. तिला स्वतंत्र खोली देणार म्हणून सांगून ठेवलंय. मागची. बाग दिसते ना तिथून."

बाईंनी कप खाली ठेवला. हिशेब त्यांनी सकाळीच मांडला होता, आणि तो त्यांच्या बाजूने छान जमला होता. त्यात खोकला धरलेला नव्हता.

बाहेर मीटरच्या पेटीचं झाकण बंद झालं.

"मागच्या खोलीत तिला झोपवू नकोस," त्या भराभर म्हणाल्या. "कुणालाच नको. सायकली ठेव. पुढच्या दोन खोल्या कोरड्या आहेत."

गॅविनने पोरांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिसऱ्या खोलीसाठीच तर त्याने हे सगळं मांडलं होतं.

"काठी इथे टेकवू नका," शेवटी तो म्हणाला. "भिंतीच्या बाजूने चाला. तिकडची जमीन पक्की आहे."

लोमॅक्स साहेब आत आले. "काय मग, दोघांनी सगळं नीट पाहिलं ना?"

"पाहिलं," गॅविन म्हणाला.

"नीट पाहिलं," एनिडबाई म्हणाल्या, आणि त्याच्याआधी सही केली.

महिन्याभराने लोमॅक्स साहेब शेवटचा कागद द्यायला आले. तोवर एनिडबाई रोज रात्री पलंगावर झोपत होत्या. कपाट त्यांनी गॅविनला भेट दिलं होतं, पायपुसणं त्याने त्यांना.

"आत्ताच त्या गॅविनकडे जाऊन आलो," साहेब खुर्ची ओढत म्हणाले. "लोकांना द्यावं तरी काय! चांगली बागेकडची खोली, तिच्यात नुसत्या सायकली. दार लावून वर कुलूप. आणि धाकटीचा पलंग कुठे, तर आईबापांच्या खोलीत. जागा वापरायची अक्कलच नाही."

"तरुण आहेत. शिकतील."

"तुमचं कसं काय? दुरुस्तीचं काही?"

एनिडबाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि पायपुसण्याच्या दोन कडांवर दोन पाय नीट रोवले.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या. "दूध तिकडे फ्रिजमध्ये आहे, साहेब. तुम्हीच ओतून घ्या."