पेट्रोल वाचवणारी चिप

"काका, यात नुसता दिवा आहे. इंजिनाशी काही संबंधच नाही." गॅरेजवाल्या गफूरभाईंनी उघडलेली चिप तळहातावर धरली.

वर्तकांचा विश्वास बसेना. पेट्रोल वाचवणारी ही चिप बायकोनं टीव्हीवर जाहिरात बघून मागवली होती. "इंजिनिअरांना जमलं नाही ते या डबीला जमणार?" असं हिणवून त्यांनी ती खणात टाकली होती. बायको गेल्यावर तिची आठवण म्हणून त्यांनी ती गाडीत खोचली, आणि मायलेज खरंच वाढलं. तेव्हापासून ते रोज तिच्या फोटोला सांगत, "जिंकलीस बाई!"

"मग मायलेज वाढलं कसं?"

"एसी लावता का?"

"नाही. उकडायचं ते तिला."

"बाजारात गाडी चालू ठेवून थांबता?"

"आता कुणासाठी थांबू?"

उत्तर दोघांनाही मिळालं होतं. गफूरभाईंनी चिपचं झाकण जपून लावून ती पुन्हा जागेवर खोचली. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

वर्तक गाडीत बसले. काचा वर केल्या, एसी लावला आणि वाऱ्याचा झोत डावीकडच्या रिकाम्या सीटकडे वळवला.