एल. गॅडिस

“एक आत शिरला की रांगच लागेल त्यांची,” असं म्हणत डोरा हॅस्किन्सने सह्यांचा कागद पुढे सरकवला. राज्याच्या विद्यापीठात काळ्यांना प्रवेश देऊ नये, असं निवेदन होतं ते. गावातल्या गोऱ्या बायका सकाळपासून कॉरीन प्रुइटच्या दिवाणखान्यात जमल्या होत्या.

लुडी त्यांना थंड चहा ओतत होती. चौदा वर्षं ती या घरात कामाला होती. एक काळी बाई समोर उभी आहे म्हणून तिथे कोणी जीभ आवरत नसे. पण आजच्या वर्तमानपत्रात नाव छापून आलं होतं. प्रवेशासाठी कोर्टाची पायरी चढलेलं माणूस याच जिल्ह्यातलं निघालं. एल. गॅडिस. आणि लुडीचं आडनाव गॅडिस.

“लुडी, तुझा तो मुलगा,” कॉरीन म्हणाली. “लमार ना?”

“हो, मिस कॉरीन.”

“काय खूळ शिरलंय त्याच्या डोक्यात?”

“खूळ उतरवतील लोक,” डोरा म्हणाली. “गिरणीतली पोरं रॉकेलचे डबे भरून बसलीत. घर शोधायला कितीसा वेळ लागतोय?”

कॉरीनला हे आवडलं नाही. असलं उघड बोलू नये. ती स्वतःला दयाळू समजत असे. तिच्या दोन्ही मुली लुडीच्याच अंगाखांद्यावर वाढल्या होत्या. म्हणून तर तिने सकाळीच नवऱ्याकडून पत्र टाइप करून घेतलं होतं. ‘मी माझा प्रवेशअर्ज मागे घेत आहे.’ खाली सहीपुरती जागा.

“हे घे. संध्याकाळपर्यंत सही करून आण त्याची. बाकीचं मी निस्तरते. नाही आणलीस, तर उद्यापासून या दारात पाऊल टाकायचं नाही. आणि तुझ्या घराचं काय झालं, ते मला सांगायला यायचं नाही.”

लुडीने सुरई खाली ठेवली. हात पुसले. उभ्याउभ्याच तिने पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं.

“वाचता येतं वाटतं हिला,” डोरा म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

लुडीने पत्राची घडी घातली आणि ती कॉरीनच्या पुढ्यात ठेवली.

“लमार आत्ता सातवीत आहे, मिस कॉरीन,” ती म्हणाली. “अर्ज मी केलाय.”