हुंकार

लोणावळ्याच्या परिषदेला प्रस्ताव पाठवताना सत्राचा प्रकार कळवायचा होता: एकल सादरीकरण की दोघांचा संवाद. लोककथांवर पीएचडी करणाऱ्या अनिताने एकल ठरवूनही टाकलं. आंदर मावळातल्या मंगलमावशी येऊन एक कथा सांगणार, आणखी काय लागतं?

मावशी मात्र अडून बसल्या. "एकटीनं कुटं गोष्ट सांगत्यात व्हय? हूं हूं म्हणाया माणूस लागतं. आमचं मालक द्यायचं हुंकार. ते गेल्यापास्नं म्या गोष्ट सांगितली न्हाई."

"एकदा माझ्यासमोर सांगून तर बघा."

मावशींच्या घरात दोघीच बसल्या. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये मावशींचा आवाज स्वच्छ यावा म्हणून अनिता ओठ मिटून राहिली. मावशी जरा अडखळल्या, मग एकदम खुलल्या आणि सांगतच सुटल्या.

परतताना एसटीत तिने ते रेकॉर्डिंग कानाला लावलं. मावशींच्या पहिल्याच वाक्यावर एक घोगरा पुरुषी "हूं" आला. मग दुसऱ्यावर. शेवटपर्यंत एकही चुकला नाही.

तिने फोन लावला. "मावशी, सत्र... दोघांचं करते."

"व्हय. त्यांची खुर्ची माझ्या उजव्या अंगाला मांड."