नंबर नसलेली गाडी

मंगळवार पेठेत एका बॅटरीच्या गाडीनं आईला उडवलं, हे कळताच विश्वजित शाहूपुरीतलं दुकान तसंच उघडं टाकून दवाखान्यात धावला. झुंबरबाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि गाडीवाला न थांबता पळून गेला होता.

"एवढ्या गर्दीत कुणीच नंबर बघितला न्हाय?" तो हवालदारावर ओरडला.

"अवो पावणं, नंबरच नव्हता. पंचवीसच्या आत पळणाऱ्या बॅटरीच्या गाडीला पासिंग लागत न्हाय, लायसन लागत न्हाय. पण ही पन्नासनं आलती. गिऱ्हाईक मिळावं म्हणून विकणारेच स्पीडचं लॉक काढून देत्यात."

"मग आधी त्या विकणाऱ्याला आत टाका की! माणसं मारायला गाड्या विकतोय व्हय त्यो?"

सगळा वॉर्ड त्याच्याकडं बघायला लागला. खाटेवरून झुंबरबाईंनी त्याचा शर्ट धरून जोरात ओढला.



"गप बस! परवा तुझ्याच दुकानात त्या गाडीची पूजा करून मी कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, ते अजून पुसलंबी नव्हतं."